न्याय उसना मिळत नाही

कोळशाकडून सूर्याकडे जाताना कोळशावर जगणारा माणूस वाऱ्यावर सोडला जाऊ नये, या विचाराला जागतिक व्यासपीठांवर ‘न्याय्य ऊर्जा संक्रमण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. विचार उत्तमच आहे. प्रश्न एवढाच की, हा न्याय करायचा कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सवडीने? दक्षिण आफ्रिकेतील कोमाटी गावाची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

म्पुमलांगा प्रांतातील कोमाटीचे औष्णिक वीजकेंद्र १९६१ मध्ये सुरू झाले होते. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व युरोपीय महासंघ यांनी कोळसामुक्तीसाठी दक्षिण आफ्रिकेला साडेआठ अब्ज डॉलर देऊ केले. गाजावाजा औदार्याचा झाला. प्रत्यक्षात त्यातील अनुदानाचा वाटा जेमतेम चार टक्के, उर्वरित बहुतांश कर्जेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोमाटीचा अखेरचा संच बंद झाला. कायम कर्मचाऱ्यांना अन्यत्र सामावून घेतले गेले; कंत्राटी मजूर आणि त्यांच्या कमाईवर चालणारे छोटे व्यावसायिक मात्र उघड्यावर पडले. सौरप्रकल्प आणि प्रशिक्षणाची आश्वासने होती. पण भट्टी आधी विझली आणि चुलीची चिंता मागाहून सुरू झाली. पुढे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या करारातून अंगच काढून घेतले. दात्याचे मन फिरले की याचकाचे नियोजन कोलमडते, हाच याचा बोध.

भारताने असा करार केला नाही, हे शहाणपणाचेच झाले. दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या राष्ट्राला, दीड-दोन शतके धूर ओकून श्रीमंत झालेल्यांनी उपदेश करावा, यात कसला न्याय? निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष भारताने स्वतः निश्चित केले. स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य स्रोतांचा करण्याचे २०३० चे लक्ष्य तर २०२५ मध्येच गाठले.

परंतु पाश्चात्त्यांच्या दांभिकतेवर बोट ठेवल्याने स्वतःचे कर्तव्य संपत नाही. सौरऊर्जेचे विशाल प्रकल्प राजस्थान-गुजरातच्या रखरखीत भूमीवर उभे राहत आहेत. कोळशाच्या खाणी आहेत धनबाद, कोरबा, तालचेर आणि चंद्रपूर येथे. जैसलमेरमध्ये निर्माण झालेला रोजगार चंद्रपूरच्या कंत्राटी खाणमजुराच्या दारी आपोआप येत नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेल्या अंत्योदयाच्या कसोटीवर ऊर्जाधोरण घासून पाहायचे, तर पाहणीचा आरंभ याच मजुरापासून व्हायला हवा.

त्यासाठी परक्यांपुढे हात पसरण्याचे कारण नाही. खाणबाधितांच्या हितासाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत. हा निधी केवळ रस्ते व इमारतींवर न खर्चता कौशल्य-प्रशिक्षण, स्थानिक उद्योग आणि खाणग्रस्त जमिनीचे पुनरुज्जीवन यांकडे वळवता येईल. कामगार संघटना, ग्रामसभा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र बसून प्रत्येक कोळसा-जिल्ह्याचा आराखडा आजच आखला पाहिजे.

भारताचा कोळसा उद्या संपणार नाही, बंदही होणार नाही. हाती वेळ आहे, आणि कोमाटीला नेमका तोच मिळाला नव्हता. तो दवडला, तर उद्याच्या अन्यायाचे खापर परकीयांच्या माथी फोडता येणार नाही.