दवंडीविना दंड

गावात नवा हुकूम लागू करावयाचा तर पूर्वी दवंडी पिटली जात असे. हुकूम न्याय्य असो वा जुलमी, तो रयतेच्या कानी पडावा एवढी तजवीज तरी असे. शहरांतील रस्त्यांवर आज दवंडीची जागा फलकाने घेतली आहे. ‘येथे वाहन उभे करू नये’ हे सांगणारा फलक हाच वाहनचालकाच्या दृष्टीने कायदा होय. तो फलक जागेवर नसताना वाहन उचलून नेणे आणि वर दंड वसूल करणे हा प्रकार किरकोळ गैरसोयीचा मानून सोडून देण्याची सवय समाजाला लागली आहे. लोकशाही समाजवादी चळवळीने तरी ती लावून घेता कामा नये.

औसा तालुक्यातील किल्लारीच्या माणसाचे उदाहरण घ्यावे. मोठा दवाखाना, जिल्हा न्यायालय, मुलांचे महाविद्यालयीन प्रवेश, मालाची खरेदी-विक्री यांपैकी काहीही निघाले की त्याला लातूर गाठावे लागते. लातूरची गंजगोलाई ही १९१७ साली आखलेली गोलाकार पेठ असून तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. यांपैकी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूस आणि कोणत्या वेळी वाहन उभे करण्यास मनाई आहे हे तेथील व्यापाऱ्यास सवयीने ठाऊक असते. खेड्यातून मोटारसायकलीवर आलेल्या शेतकऱ्यास ते सांगणारा खांबावरचा फलक एवढा एकच मार्गदर्शक. तो पडला असेल, जाहिरातीखाली झाकला गेला असेल किंवा मुळात लावलाच गेला नसेल, तर काम आटोपून परतलेल्या माणसाला मोटारसायकल जागेवर सापडत नाही आणि तिचा शोध घेण्यात दिवस जातो. लातूर असो, नांदेड असो वा पुणे, परगावच्या माणसाची स्थिती सर्वत्र हीच.

अशा वेळी ‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते. वाक्य खरे आहे. पण ते अर्धेच सांगितले जाते. कायदा ठाऊक करून घेणे हे नागरिकाचे कर्तव्य असेल, तर तो प्रसिद्ध करणे हे शासनाचे त्याआधीचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्यात नेमका हाच निर्णय दिला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली ठराव करून अफूविषयीचा एक कायदा संमत केला होता. तो राजपत्रात किंवा अन्य कोणत्याही मार्गाने प्रसिद्ध मात्र केला नव्हता. त्याच कायद्याखाली हरला यास पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण अवघ्या पन्नास रुपयांचे होते, तरीही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले आणि जो कायदा लोकांपुढे ठेवलाच गेला नाही त्याखाली शिक्षा देणे नैसर्गिक न्यायास धरून नाही, असे ठरवून ती शिक्षा रद्द केली. १९४८ साली निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्याला या निर्णयाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

मोटार वाहन अधिनियम १९८८ याची वाटही हीच आहे. वाहने चालविण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार कलम ११५ ने शासनाला दिला, तो दोन बंधने घालून: निर्बंध राजपत्रात अधिसूचित करावा आणि योग्य ठिकाणी वाहतूक-चिन्हे उभारावीत. महिन्याभरापेक्षा अधिक काळ न टिकणाऱ्या निर्बंधास राजपत्राची अट माफ आहे. मात्र परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे कायद्यानेही दवंडी सोडलेली नाही. कलम ११६ चिन्हे उभारण्याविषयी आहे. कलम ११७ तर वाहने कोठे उभी करावीत हे स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करून ठरविण्यासंबंधी आहे. मनाई करण्याबरोबर जागा नेमून देणेही या व्यवस्थेत अभिप्रेत आहे, याचे स्मरण नगरपालिकांना क्वचितच असते.

वाहन उचलून नेण्याविषयीचे कलम १२७ अधिकच स्पष्ट आहे. वाहन सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस पडलेले असेल किंवा कायद्याने मनाई असलेल्या जागी उभे असेल, तर ते हलविता येते. आणि हलविण्याची आज्ञा त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने द्यावयाची असते. ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो, म्हणून तर ही दक्षता. प्रत्यक्षात हे काम ठेकेदारीत गेले, आणि जितकी वाहने उचलावीत तितकी कमाई असा हिशेब ज्या ठेक्यात असतो तेथे फलक नसणे हेच ठेकेदाराच्या सोयीचे ठरते. अधिकाराला आवर नसला की काय घडते याचे नमुने महाराष्ट्राने पाहिले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाड येथे तान्ह्या बाळासह आई आत बसलेली असतानाच मोटार ओढून नेली गेली आणि त्याबद्दल संबंधित पोलीस शिपायाला निलंबित करावे लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत स्वारासकट मोटारसायकल उचलली गेली. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी वाहने उचलणेच प्रायोगिक तत्त्वावर काही काळ थांबविले, यावरून लोकांचा असंतोष किती होता याची कल्पना येते.

चळवळीतील काही कार्यकर्ते येथे आक्षेप घेतील. मोटारीत फिरणाऱ्यांचे गाऱ्हाणे समाजवाद्यांनी का मांडावे? रस्ता पादचाऱ्यांचा आहे, एस.टी.चा आहे, रुग्णवाहिकेचा आहे. तो वाहनांनी अडवणाऱ्यांची बाजू घेणे हे कोणते पुरोगामित्व? आक्षेपातील पहिला भाग मान्यच केला पाहिजे. पदपथावर, चौकात, वळणावर, बसथांब्यापाशी किंवा रुग्णालयाच्या दारात वाहन उभे करणाऱ्याने फलक नसल्याची सबब सांगू नये. या जागांची मनाई नियमांतच सर्वांसाठी लिहिलेली आहे आणि ती साध्या माणुसकीलाही कळते. वाद आहे तो उरलेल्या रस्त्यांचा, जेथे मनाई केवळ अधिकाऱ्याच्या आज्ञेने जन्माला येते.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. दंडाचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७ खालील सर्वसाधारण दंड पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपये आणि पुढील गुन्ह्यास १,५०० रुपये झाला. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे बंगल्यात मोटार ठेवणाऱ्याला जो दंड एका जेवणाच्या बिलाएवढा वाटतो, तो मजुराच्या दीड दिवसाच्या घामाहून अधिक आहे. त्यात वाहन ओढण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस वेगळाच. याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, मुंबई महानगरपालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आतील बेकायदा उभ्या दुचाकीस किमान ५,००० आणि मोटारीस किमान १०,००० रुपये दंड लावण्यास सुरुवात केली. राज्यकर्त्यांची वृत्ती दंडाकडे महसूल म्हणून पाहण्याची झाली की त्याचा शेवट कोठे होतो, हे यावरून दिसते.

शिवाय आज मोटारसायकलीला जे लागू होते ते उद्या हातगाडीला लागू होते. किंबहुना हातगाडीला ते आधीपासूनच लागू आहे. फेरीवाल्यांच्या संघटनांनी दीर्घकाळ लढून २०१४ चा पथविक्रेता कायदा मिळविला. जागेवरून हटविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस, जप्त मालाची यादी, नाशवंत माल मागणी करताच त्याच दिवशी परत, ही कलमे त्या कायद्यात आली ती संघर्षामुळेच. आधी सांगा, मग कारवाई करा, हे तत्त्व हातगाडीवाल्यासाठी मागणाऱ्यांना ते दूधवाल्याच्या मोटारसायकलीसाठी नाकारता येणार नाही.

जाहीर नियमाचे मोल किल्लारीने स्वतः अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात घरांची मापे धारण जमिनीवर ठरली: भूमिहीन व अत्यल्पभूधारकांस २५०, मधल्यांस ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौरस फूट. ज्याच्याकडे काही नव्हते त्याच्या वाट्यास सर्वांत लहान घर, हे माप विषमतेचेच होते. पण ते उघड होते, म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आले, त्याविरुद्ध बोलता आले. जो नियम कोणालाच दाखविला जात नाही त्याच्याशी भांडण्याचीही सोय उरत नाही. शासनाची मनमानी तेथूनच सुरू होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे तक्रार म्हणून न पाहता कार्यक्रम म्हणून पाहावे. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर चार गोष्टी मागता येतात: शहरातील मनाईच्या रस्त्यांची अधिसूचना, तेथे उभारलेल्या फलकांची नोंद, वाहने उचलण्याच्या ठेक्याचा करार आणि गोळा झालेल्या रकमेचा हिशेब. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. ज्या रस्त्याची अधिसूचना किंवा फलक सापडणार नाही, त्या रस्त्यावरील दंडांची यादी करून ते रद्द करण्याची मागणी पोलीस अधीक्षक व पालिका यांच्याकडे एकत्रितपणे करावी. दंड जागीच भरणे म्हणजे तडजोड. ती करण्याची सक्ती कोणावरही नाही. तडजोड नाकारून दंडाधिकाऱ्यापुढे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. फलक नसलेल्या जागेचे छायाचित्र तारखेसह त्याच वेळी घेऊन ठेवले तर तो हक्क कागदावर राहत नाही. कॅमेऱ्यांनी पाठविलेल्या दंडांच्या बाबतीतही, अशा यंत्रांच्या टप्प्यापूर्वी ठळक इशारा-फलक असावेत, असा नियम केंद्राने २०२१ साली केला आहे.

किल्लारीसारख्या मोठ्या गावांतही हे काम आतापासून करण्यासारखे आहे. आठवडी बाजारावर, बैलगाडी व टांग्यांच्या तळावर फी आकारण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात जुनीच आहे. टांगे गेले, मोटारसायकली, रिक्षा व टेम्पो आले. उद्या त्यांच्या तळाचा आणि शुल्काचा ठराव येईल. तो ग्रामसभेत वाचला जावा, दर फलकावर लागावेत, वसुलीची पावती मिळावी आणि पादचारी व भाजीवाल्या बायांची जागा आधी आखली जावी, हा आग्रह पहिल्याच दिवशी धरला पाहिजे. पाचशे रुपयांचा दंड भरून गप्प घरी परतणारा माणूस पुढच्या खेपेस तलाठ्यापुढे आणि सावकारापुढेही गप्पच उभा राहतो. त्याला बोलते करणे हे चळवळीचे काम आहे.