तेलाची बाटली लांब ठेवा

घरी पिनबॉल मशीन असेल आणि त्यातला एखादा फ्लिपर जड झाला असेल, कुरकुरत असेल, तर माझी पहिली विनंती: त्यात तेल घालू नका. कुरकुरलं की दोन थेंब तेल, हे आपल्या हाताला लागलेलं वळण आहे. शिवणयंत्राला ते मानवतं, पिनबॉलला मानवत नाही. फ्लिपरच्या कॉइलमध्ये नायलॉनची एक पातळ नळी असते, तिला स्लीव्ह म्हणतात. तिच्यातून लोखंडी प्लंजर मागेपुढे धावतो. ही जोडी कोरडी चालावी अशीच बनवलेली असते. तेल पडल्यावर पहिले काही दिवस सगळं छान वाटतं. मग धातूची भुकटी, रबराची काळी धूळ आणि कॉइलची उष्णता या सगळ्यांत मिसळून त्या तेलाची चिकट मळी होते, आणि वर गेलेला फ्लिपर खाली यायला वेळ लावू लागतो.

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये असं मशीन आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितो आहे. गॉटलिब, विल्यम्स, बॅली ही जुनी नावं शिकागोची, आणि आजची स्टर्नही त्याच परिसरातली. त्यांची मशीनं आर्केडमध्ये, बारमध्ये नाणी कमवायला बनायची. मशीनचा मालक गल्ला रिकामा करायला यायचा तेव्हा काच काढायचा, रबर बदलायचा, ढिला स्क्रू पिळायचा. मशीन घरी आलं की हे करणारं कोणी उरत नाही. खेळणारे मात्र वाढतात: मुलं, त्यांचे मित्र, गणपतीला आलेले पाहुणे. मशीन दिसायला दणकट असतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणी उघडून बघत नाही. वेगाने हलणारे भाग एका दिवसात मोडत नाहीत. ते हळूहळू सैल होतात, आणि आपल्याला ती सैल चाल सवयीची होऊन जाते. तेव्हा मोडायची वाट न पाहता मशीन उघडा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

उघडण्यापूर्वी मशीन नुसतं बंद करू नका, प्लग भिंतीतून काढा. पुष्कळ मशीनमध्ये स्विच बंद असतानाही आतल्या काही तारांत घरची वीज खेळत असते. अंगठी, कडं, बांगड्या, लांब मंगळसूत्र काढून ठेवा. वरची काच टफन्ड असते. सपाट बाजूवर ती बराच मार सोसते, पण फरशीवर किंवा सिमेंटवर उभी टेकवली आणि कडेला खट्ट झालं तर तिचा चुरा होतो, म्हणून ती गालिच्यावर किंवा जाड सतरंजीवर टेकवा. आणि प्लेफील्ड, म्हणजे चेंडू धावतो ती फळी, उचलण्याआधी सगळे चेंडू काढून घ्या. प्रत्येक चेंडू सुमारे 80 ग्रॅमचा, पोलादाचा असतो. तो घरंगळत मागच्या सर्किट बोर्डांपर्यंत गेला तर नुकसान होतं.

आता फ्लिपर. 1947 साली गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर विजेवर चालणारे फ्लिपर पहिल्यांदा आले. त्याआधी चेंडू सोडून दिल्यावर खेळणाऱ्याच्या हातात मशीनला धक्का देण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. आजचा सगळा खेळ फ्लिपरवर उभा आहे आणि सर्वांत जास्त झीजही त्याचीच होते. बटण दाबलं की कॉइल प्लंजरला आत ओढते आणि प्लंजरचं टोक कॉइल स्टॉप नावाच्या धातूच्या तुकड्यावर आदळतं. दर फटक्याला लोखंडावर लोखंड. हजारो फटक्यांनंतर प्लंजरच्या टोकाची कड बाहेर पसरते आणि स्लीव्हच्या आतल्या भिंतीला खरवडू लागते. तुम्हाला जाणवणारा जडपणा बहुधा तिथून येतो.

वीज बंद असताना फ्लिपर हाताने हळू वर न्या आणि सोडा. तो अडखळल्याशिवाय झटकन परत आला पाहिजे. मग प्लेफील्डखालून प्लंजर बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालते, पण तो खुळखुळत असेल तर प्लंजरला फ्लिपरशी जोडणारा लिंक झिजला आहे. फ्लिपरची बॅट वर-खाली उचलून बघा, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची मोकळीक हवीच. ती नसेल तर बॅट तळाच्या बुशिंगवर घासत असते. शेवटी स्लीव्ह ओढून काढा. ती बोटांनी सहज निघायला हवी. निघत नसेल तर कॉइल कधीतरी बेसुमार तापून आतून आक्रसली आहे, आणि तशी कॉइल बदललेलीच बरी. पसरलेलं टोक कानशीने घासून भागवायचा मोह होतो. तो टाळा. घासलं की प्लंजर आखूड होतो, धाव वाढते आणि पुढचा फटका आणखी जोराने बसतो. प्लंजर, लिंक, स्टॉप, स्लीव्ह, स्प्रिंग असा पूर्ण संच मिळतो. तो एकदम बदला, आणि दोन्ही बाजूंचा बदला, नाहीतर डावा-उजवा हात वेगळा लागायला लागतो. पाना आणि अ‍ॅलन की इंची मापाची घ्या. मिलिमीटरचं जवळपासचं माप लावलं की स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं. नवा संच बसवल्यावर बॅटचा कोन कुठे ठेवायचा, याचं उत्तर विल्यम्स आणि बॅलीच्या बऱ्याच प्लेफील्डवर दिलेलं असतं: फ्लिपरच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. त्यात टूथपिक उभी करा आणि बॅट तिला टेकवून घट्ट करा.

कॉइल का जळते, हेही समजून घ्या, कारण इथे आगीचा धोका आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये सहसा दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, सुमारे 4 ओहमचा, फटका मारण्यासाठी. दुसरा बारीक तारेचा, शंभराहून अधिक ओहमचा, बटण दाबून ठेवलं असताना फ्लिपर नुसता वर धरून ठेवण्यासाठी. 50 व्होल्टला 4 ओहम म्हणजे 12 अँपिअरहून जास्त प्रवाह, म्हणजे मुठीत मावणाऱ्या कॉइलमध्ये 600 वॉट. क्षणभर ते ठीक आहे. फ्लिपर वर पोचताच एक छोटा स्विच उघडून जाड वेढ्याची वीज तोडतो. हा स्विच जळून चिकटला किंवा वाकून उघडेनासा झाला, तर जाड वेढा चालूच राहतो आणि अर्ध्या मिनिटात कॉइलचा वास येऊ लागतो. 1980च्या दशकातलं मशीन असेल तर फ्लिपर पूर्ण वर असताना या स्विचच्या पट्ट्यांमध्ये साधारण दीड मिलिमीटर अंतर दिसलं पाहिजे. 1992च्या सुमारापासूनच्या विल्यम्स-बॅली मशीनमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं आणि स्विच उलट पद्धतीचा झाला, एरवी उघडा आणि फ्लिपर वर गेल्यावर मिटणारा. म्हणून आपल्या मशीनचं मॅन्युअल आधी वाचा, मगच पट्टीला हात लावा.

फ्यूज उडाला तर त्याच मापाचा फ्यूज लावा. मोठा लावून, किंवा उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून खेळ चालू ठेवणं म्हणजे घर पणाला लावणं आहे, आणि मुलांसमोर तर हे कधीच करू नका.

फ्लिपर अर्ध्या तासाने अशक्त होतो अशी तक्रार ऐकली की लोक जास्त ताकदीची कॉइल आणतात. थोडी मंदी तर स्वाभाविक आहे. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्का, म्हणजे कॉइल 50 अंशांनी तापली की जवळपास पाचवा हिस्सा. त्याहून जास्त मंदावत असेल तर कारण झिजलेल्या भागांत शोधा. जास्त ताकदीच्या कॉइलने झीज भरून निघत नाही, उलट प्लास्टिकचे रॅम्प आणि टार्गेट तडकतात, आणि जुन्या मशीनचा रॅम्प पुन्हा मिळेलच असं नाही. डिझायनरने ज्या रॅम्पसाठी जी ताकद ठरवली ती विचार करून ठरवलेली असते. तिच्यावर विश्वास ठेवा.

बंपर आणि स्लिंगशॉट यांचं दुखणं बहुतेक वेळा स्विचच्या पट्ट्यांत असतं. चेंडू लागूनही भाग हलत नसेल तर पट्ट्यांमधलं अंतर जास्त आहे किंवा टोकं मळली आहेत. चेंडू नसतानाही धडाधड वाजत असेल तर अंतर फार कमी आहे आणि शेजारच्या हादऱ्याने स्विच मिटतो आहे. टोकं साफ करायला कोरं व्हिजिटिंग कार्ड घ्या, पट्ट्यांच्या मधे घाला, वरून हलकेच दाबा आणि कार्ड ओढून काढा. कार्डावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत जागा बदलून हेच करा. कानस लावू नका. कमी व्होल्टेजच्या या स्विचवर सोन्याचा पातळ थर असतो आणि तो एकदा खरवडला की पुन्हा येत नाही. कानस चालते ती फक्त जुन्या फ्लिपरच्या जाड टंगस्टन टोकांना.

फिरत्या पत्र्याचा स्पिनर दोन-चार गिरक्यांत थांबत असेल तर त्याची तार वाकली आहे का, एवढं बघितलं तरी बहुधा काम होतं.

काही मशीनमध्ये प्लेफील्डच चेंडूला हलवतं. पॅट लॉलर यांच्या 1990च्या ‘व्हर्लविंड’मध्ये चेंडू फिरत्या तबकड्यांवर येतो आणि कुठल्या दिशेला फेकला जाईल ते सांगता येत नाही. त्यांच्याच 1992च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’मध्ये प्लेफील्डखालचे चुंबक चेंडूला भलतीकडे ओढतात. या मशीनचे 20,000हून अधिक नग बनले, त्यामुळे आजही कितीतरी घरांत ते आहे. तबकडी असेल तर तिची कड प्लेफील्डच्या पातळीत आहे का, हे बोट फिरवून बघा. कड वर आली असेल तर चेंडू तिच्यावरून उडतो आणि शेजारचं लाकूड फोडतो. चुंबकाजवळ तर चेंडू वरचेवर तपासलाच पाहिजे, कारण चेंडू स्वतः चुंबक होऊन एकमेकांना चिकटू लागतात.

चेंडूंवर लोक काटकसर करतात, आणि मला ती काटकसर सर्वांत महाग वाटते. चेंडू उजेडात धरा. त्यात तुमचा चेहरा स्वच्छ दिसत नसेल, पांढरट ओरखडे दिसत असतील, तर तो प्लेफील्डला प्रत्येक फेरीत पॉलिशपेपरसारखा घासतो आहे. चेंडू बदला. प्लेफील्ड मऊ कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर पाणी शिंपडू नका, कारण खाली लाकूड आहे. साफ झाल्यावर कार्नोबा मेणाचा पातळ हात द्या. कायमचे भारतात परतताना मशीन नेणार असाल तर मुंबई-गोव्याच्या दमट हवेत चेंडूंना गंज धरतो हे लक्षात ठेवा. तिथली वीज 230 व्होल्टची आहे, तेव्हा ट्रान्सफॉर्मरची जोडणी आणि मुख्य फ्यूजचं माप मॅन्युअलप्रमाणे जाणकाराकडून बदलून घ्या. तसंच मागच्या बोर्डावर पेन्सिल सेल असतील तर ते दरवर्षी बदला. गळलेला सेल बोर्ड खाऊन टाकतो.

मशीन बंद करण्यापूर्वी पेटीच्या तळाशी टॉर्च मारा. तिथे पडलेला स्क्रू, स्प्रिंगचा तुकडा, नायलॉनची कपची म्हणजे वरचं काहीतरी सुटलं आहे. प्रत्येक तुकड्याची जागा सापडेपर्यंत काच बसवू नका. धातूत बसणाऱ्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा थेंब द्या. लाकडात बसणाऱ्याला नको, आणि प्लास्टिकजवळ तर अजिबात नको, ते तडकतं. लाकडातला स्क्रू थांबला की तिथेच सोडा. आणखी पिळला तर भोक मोठं होईल.

मग चेंडू परत टाका, वीज लावा, आणि मशीनच्या सर्वांत उंच रॅम्पवर डाव्या-उजव्या दोन्ही फ्लिपरने ओळीने दहा-दहा फटके मारून बघा. दोन्ही बाजूंनी चेंडू सारखाच वर जात असेल तर काच बसवा. जात नसेल तर ज्या बाजूला कमी पडतो तिथला फ्लिपर पुन्हा उघडा. बोर्डावरचे ट्रान्झिस्टर, डाग द्यायचं काम हे ज्याला येतं त्याच्याकडेच द्या. पण प्लंजर, लिंक आणि स्लीव्हचा एक संच मात्र आजच मागवून कपाटात ठेवा. तो लागणारच आहे.