दुःख थंड होऊ देणार नाही

बाप गटारात उतरला आणि वर आला तो मढं होऊन. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा कागदावर, बाप गटारात.

महिनाभर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मग लिनोलियमचा तुकडा आणला आणि कोरायला बसलो.

ठसे बघून एक कलासमीक्षक म्हणाले, 'भावना फार व्यक्तिगत आहे. जरा थंड होऊ द्या.' आमचाच एक दोस्त म्हणाला, 'मोर्चा सोडून चित्रं काय कोरतोस? चैन आहे साली!' दोघांनाही इथंच जाहीर उत्तर देतो.

समीक्षक महाशय, केथे कोलवित्झ ही जर्मन बाई तुम्हाला ठाऊक असेलच. तिचा पोरगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरात लढाईत मेला. आईच्या दुःखाहून व्यक्तिगत काय असतं? ते मांडायला ती वर्षानुवर्षं धडपडली. १९२० साली बार्लाखचे लाकूडठसे पाहिले आणि तिनं लाकूड कोरायला घेतलं. 'युद्ध' मालिकेचे सात ठसे झाले. त्यात रणांगण नाही. आईबाप आहेत, विधवा आहेत. आठ वर्षं गेली, पण दुःख थंड झालं नव्हतं. ते लाकडात उतरलं होतं.

आणि दोस्ता, १९४३ च्या दुष्काळात चित्तप्रसादनं बंगालची उपाशी माणसं शाईनं काढली. इंग्रज सरकारनं त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चैनीच्या वस्तूला सरकार कशाला भिईल?

लिनोत कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं उमटतं. चुकलेला घाव पुसता येत नाही. रागानं हत्यार चालवलं की ते बोटात घुसतं. माझ्या तीनदा घुसलं. तेव्हा कळलं, राग मनगटात धरून ठेवावा लागतो. घोषणा हवेत विरते. ठसा पन्नास वेळा उठतो, वस्तीच्या भिंतीवर चिकटतो. छापायचं यंत्र नाही? चमच्याच्या पाठीनं घास.

हातानं राबणाऱ्याला या देशानं हलकं ठरवलं आणि हातानं काढलेलं चित्र काचेत टांगलं. माझा हात बापाचाच आहे. तो काचेत जाणार नाही.

दोस्तांनो, तुमच्या घरात कोण मेलं, कशानं मेलं? कोरा. मोर्चाच्या आदल्या रात्री कोरा, आणि सकाळी ठसे घेऊन या. मीही येतोय, बापाला घेऊन.