दंडातला जोर पुरत नाही

बाभुळगाव तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना, पालकांना आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. फटका लांब जात नाही म्हणून जड बॅट आणू नका, आणि ‘हाताने जोर लाव’ असं ओरडूही नका. त्याने फटका आणखी मरतो.

आपली बहुतेक पोरं सॉफ्टबॉलकडे येतात ती क्रिकेटमधून. नजर तयार असते, पण सवयी अडतात. क्रिकेटचा चेंडू टप्पा घेऊन येतो. इथे तो थेट येतो आणि बॅट आडवी फिरवावी लागते. लेट कट मारला तर फाउल. चेंडूही मोठा असतो: घेर 12 इंच, वजन 180 ते 200 ग्रॅमच्या आसपास. नुसता ढकलला तर पिचरच्या पायापाशीच घरंगळतो. वेळही कमीच मिळतो. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून 43 फुटांवर असते. ताशी 80 किलोमीटरने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो. जड बॅट तेवढ्यात फिरत नाही.

मग जोर येतो कुठून? जमिनीतून. बाभळीच्या बुंध्यावर आडवी कुऱ्हाड घालणारा माणूस बघा. तो पाय रोवतो, कंबर फिरवतो, हात शेवटी येतात. स्विंगचा क्रम तोच आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा खांदा पिचरकडे ठेवायचा आणि भार थोडा मागच्या पायावर घ्यायचा. पुढचा पाय वीतभरच टाकायचा. लांब ढांग टाकली की डोकं हलतं आणि चेंडू नजरेतून सुटतो. पुढचा पाय टेकला की आधी कंबर फिरते, मग खांदे, आणि सर्वांत शेवटी हात. मागची टाच उचलून पंजा फिरला पाहिजे, बेंबी पिचरकडे वळली पाहिजे. टाच जमिनीलाच चिकटून राहिली तर समजा, पोर फक्त हातांनी मारतंय. शिक्षकांनी एवढी एक खूण पाहिली तरी निम्मा दोष सापडतो.

पकड तळव्यात नको, बोटांत हवी, आणि सैल. मूठ आवळली की मनगट जखडतं. चेंडू बॅटला लागल्यावर हात थांबवू नका, स्विंग पुरा होऊ द्या.

बॅटबद्दल थोडं परखड बोलतो. नियमाने ती 34 इंच लांब आणि 38 औंस, म्हणजे किलोभरापेक्षा थोडी जास्त, वजनाची चालते. चालते म्हणून बारा वर्षांच्या पोरीच्या हाती तीच द्यायची नसते. सरळ एका हाताने बाजूला धरायला सांगा. थोड्याच वेळात हात थरथरला तर बॅट जड आहे. शाळेत एकच बॅट असेल तर ती मुठीच्या टोकापासून दोन बोटं वर धरा.

सरावाला खर्च लागत नाही. पाइपच्या तुकड्यावर कमरेच्या उंचीला चेंडू ठेवला की टी, म्हणजे चेंडूचा टेकू, तयार. समोर जुनी जाळी बांधा. जुना टायर झाडाला टांगून त्यावरही मारता येतं, पण जुन्या बॅटने आणि सावकाश. तिथे जोर आजमावायचा नसतो. रोज चाळीस-पन्नास स्विंग पुरे, पण प्रत्येक स्विंग नीट झाला पाहिजे. थकल्यावर मारलेल्या दोनशे फटक्यांनी वाईट सवयच पक्की होते. बैठका, दोरीच्या उड्या आणि वाळूची छोटी पिशवी कमरेतून फिरवून फेकणं, एवढा व्यायाम मोकळ्या जागेत सहज होतो. पाठ किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी बॅट ठेवा. फटका मारणाऱ्याच्या आसपास कुणी उभं राहू नये, आणि पिचिंगवर सराव करताना हेल्मेट हवंच.

‘पोरी नाजूक आहेत, त्यांना काय जमणार’ हे मी पुष्कळदा ऐकलंय. 2008 मध्ये बीजिंगला आणि 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या महिलांनी अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. त्यात पिचिंगचा वाटा मोठा होता, हे खरं. पण थोराड देह असल्याशिवाय खेळ जिंकता येत नाही, ही समजूत तिथेच निकालात निघाली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत आहे.

आपल्या पोरांचा रस्ता मात्र आधी यवतमाळचा, मग अमरावती विभागाचा. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या सुमाराला येतात, आणि तेव्हा आपली काळी माती पाय धरून ठेवते. मैदानावर सराव होत नाही. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात, छताखाली टी लावा, चेंडूऐवजी मोज्यांचा गोळा घ्या. क्रीडाशिक्षकांनी जूनपासूनच सुरुवात करावी. आणि पालकांनो, तुमच्या पोरीला शाळा सुटल्यावर अर्धा तास जास्त थांबू द्या.