मूत्रपिंड आरपार दिसू द्या

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत बऱ्याचदा एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना वळण असतं, म्हणून ती जागेवरून सरकत नाही. काम तात्पुरतं; सहसा काही आठवड्यांत ती काढायची असते. राहून गेली तर तिच्यावर क्षारांचे थर चढतात, जंतुसंसर्ग होतो, लघवीचा मार्ग तुंबून मूत्रपिंड निकामीसुद्धा होऊ शकतं. डिस्चार्ज कार्डावर हे इंग्रजीत लिहिलेलं असतं. तरीही थंडीताप किंवा कंबरदुखी घेऊन आलेल्या रुग्णाच्या एक्स-रेत ती नळी दिसते, आणि नळी आत आहे हे त्याच्या गावीही नसतं. "ऑपरेशन झालं ना डॉक्टर, खडा निघाला!"

दोष या रुग्णांचा नाही. त्यांना दाखवलं काय होतं? कागदावर बॉलपेनने काढलेला एक राजमा आणि त्यातून खाली गेलेली रेघ. किंवा औषध कंपनीने भेट दिलेलं, आतलं काहीच न दाखवणारं प्लास्टिकचं मूत्रपिंड. उपचार काय, धोके कोणते, पर्याय कोणते याची पुरेशी माहिती दिल्यावरच घेतलेली संमती खरी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात सांगितलेलं आहे. 'मला सर्व समजले आहे' या छापील ओळीखाली सही घेऊन ते साधत नाही.

आरपार दिसणारं मॉडेल महाग पडतं, अशी सबब ऐकू येते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या आरोग्य संग्रहालयात १९३० साली आतले अवयव दाखवणारा पारदर्शक माणूस उभा केला, तेव्हा ते खरंच कौशल्याचं आणि खर्चाचं काम होतं. आज लग्नातले हार रेझिनमध्ये जपून देणारे लोक गल्लोगल्ली आहेत. त्याच रेझिनमध्ये मूत्रपिंड ओतता येतं.

कसं ते सांगतो. रंग देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये मूत्रपिंडाच्या आतली लघवी साठणारी पोकळी स्पष्ट दिसते. थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी काढता येते (स्कॅनमधलं रुग्णाचं नाव आधी पुसायचं, हे वेगळं सांगायला नको). टेबलावर मावणाऱ्या प्रिंटरवर बाहेरचं मूत्रपिंड साध्या प्लास्टिकमध्ये छापायचं, घासून गुळगुळीत करायचं आणि त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा. आतली पोकळी मात्र पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापायची. ती साच्यात टांगून भोवती पारदर्शक रेझिन ओतायचं. घट्ट झालं की सगळं पाण्यात ठेवायचं. पीव्हीए विरघळून जातं आणि खरीखुरी पोकळी उरते. मूत्रवाहिनीसाठी प्रिंटरही नको. मुदत संपलेल्या कोऱ्या सलाइन सेटची पारदर्शक नळी पुरते. प्रौढ माणसाची मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते, तेवढी कापायची.

मग थेट पारदर्शक प्लास्टिकमध्येच का छापू नये? छापलेल्या वस्तूला बारीक थरांच्या रेघा असतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि वस्तू दुधी दिसते. पोकळीच्या आतल्या बाजूलाही हा दोष राहतो. पण दुधी काच ओली केली की कशी आरपार दिसू लागते, तसं पोकळीत पाणी भरलं की धूसरपणा बराच जातो. ग्लिसरीन घातलं तर आणखी.

साच्यावर एकदा खर्च झाला की पुढच्या प्रत्येक नगाला मुख्य खर्च रेझिन, पीव्हीए आणि वेळ यांचा. माझ्या मते काही शेकड्यांत भागावं. रेझिन हाताळताना हातमोजे आणि खेळती हवा हवीच, आणि जाड भाग एका दमात ओतला तर तो तापून तडकतो. त्यामुळे हे घरी करू नका. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना हे अवघड नाही.

आता दुसऱ्या टोकाचा धंदा. "तुमच्याच मूत्रपिंडाचं मॉडेल छापून देतो, एवढे पैसे भरा." गुंतागुंतीच्या काही शस्त्रक्रियांत सर्जनला रुग्णाचं स्वतःचं मॉडेल उपयोगी पडतं, हे मान्य. पण स्टेंट म्हणजे काय हे कळायला तुमचंच मूत्रपिंड कशाला? कोणाचंही चालेल. एक मॉडेल शेकडो रुग्णांना पुरतं. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

आणि "रुग्णाला एवढं काय कळतंय" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं: एकदा ते मॉडेल रुग्णाच्या हातात द्या, वरून एक मणी टाका आणि तो नळीच्या तोंडाशी अडकलेला त्याला बघू द्या. मग नळीतून स्टेंट सरकवा. पुढचा प्रश्न तोच विचारेल, "ही काढायची कधी?"

ऑपरेशन होऊन गेलं असेल तर मॉडेलची वाट न बघता हा प्रश्न तुम्हीच विचारा. स्टेंट आहे का, कोणत्या तारखेला काढायचा, कोण काढणार, हे मराठीत लिहून घ्या. ऑपरेशन व्हायचं असेल तर सही करण्याआधी म्हणा, "मला आतून दाखवा."