तोंडी परीक्षेचे वीस गुण आणि ढगातलं विमान

अमेरिकेत विमान चालवण्याचा साधा परवाना असलेल्या माणसाला ढगात शिरता येत नाही. त्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ नावाची वेगळी पात्रता लागते. बाहेर काहीच दिसत नसताना फक्त समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून विमान नेता येतं, याचा तो दाखला. असा दाखला का लागतो, हे १६ जुलै १९९९ च्या रात्री जगाला कळलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा स्वतः विमान चालवत होता, सोबत पत्नी आणि मेहुणी. खाली समुद्र, हवा धूसर, क्षितिज दिसेना. त्याच्याकडे हे रेटिंग नव्हतं. तिघेही गेले. दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. अंधारात माणसाचा कान त्याला बेधडक खोटं सांगतो. विमान कललेलं असतं आणि शरीर म्हणतं, सगळं सरळ आहे.

या रेटिंगची प्रात्यक्षिक परीक्षा कशी होते ते मी मुद्दाम वाचून काढलं. आम्हा मास्तरांना दुसऱ्यांच्या परीक्षांचं भारी कुतूहल.

आधी जमिनीवर तोंडी परीक्षा. मग उड्डाण. उमेदवाराच्या डोळ्यांवर झापड लावतात, म्हणजे बाहेरचं दिसू नये. परीक्षक एखादं महत्त्वाचं उपकरण झाकून टाकतो. आता उरलेल्यांवर चालव. कधी उमेदवाराला नजर खाली घ्यायला लावून विमान वेडंवाकडं करतो आणि म्हणतो, घे, सावर. ठरलेली उंची राखायची तर चूक शंभर फुटांपेक्षा जास्त चालत नाही, दिशेत दहा अंशांपेक्षा जास्त नाही. हे आकडे छापील आहेत, उमेदवाराला महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतात. गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. उतरताना ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं, आणि हे वर जाणंसुद्धा परीक्षेचा भाग आहे. माघार घेता येते की नाही, हे तिथे तपासतात. आपल्याकडे ‘मला हे येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला कुणी कधी गुण दिलेत?

पण मला बोलायचंय ते वेगळ्याच नियमावर. त्या परीक्षेत गुणांची बेरीज नाही. एक काम जमलं नाही की परीक्षा नापास, बाकी सगळं कितीही सुरेख जमलेलं असो. परीक्षक लेखी देतो की अमुक जमलं नाही. उमेदवार शिक्षकाकडे परत जातो, तेवढं शिकतो आणि ६० दिवसांच्या आत आला तर जमलेल्या भागाचं श्रेय त्याला मिळू शकतं.

आता आपली दहावी बघा. तीन भाषांचे गुण एकत्र धरायचे, १०५ झाले की भाषा सुटल्या. फक्त प्रत्येकीत किमान २५ हवेत. त्यातही तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्या हातात, आणि ते कसे पडतात हे शिक्षक वाचकांना मी सांगायला नको. उर्दू माध्यमाचा मुलगा उर्दूत ऐंशी मिळवतो आणि मराठीला ओढून पैलतीरी नेतो. गुणपत्रिका म्हणते, पास. तोच मुलगा तलाठ्याकडे जातो आणि सातबाराचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतो. उर्दू त्याची मायबोली आहे, तिच्यावर त्याचा हक्क आहे. पण मराठीची उणीव उर्दूने भरून काढणं हा उर्दूचा सन्मान नव्हे, मुलाची फसवणूक आहे. केवळ उर्दू माध्यमाचीच ही गोष्ट नाही. मराठी शाळेतल्या मुलाचं इंग्रजी असंच निभावून जातं.

कुणी म्हणेल, मास्तर, अर्ज लिहिता न आल्याने कुणी समुद्रात पडत नाही. खरंय. शिवाय तिथे एका उमेदवारासाठी एक परीक्षक अख्खा दिवस देतो आणि बहुतेक वेळा उमेदवाराकडूनच शेकड्यांनी डॉलर फी घेतो. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्यालाच नापास करायचं, ही व्यवस्थाही काही आदर्श नव्हे. आणि एवढ्या-तेवढ्यावर नापास करत सुटलो तर गरिबाची पोरं, विशेषतः मुली, शाळेतून बाहेर फेकल्या जातील, ही भीती मला सर्वांत खरी वाटते. म्हणून दहावीला हात लावू नका. नववीच्या तोंडी परीक्षेपासून सुरुवात करा.

तीन कामं पुरेत: एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर विचारावं तसं गाडीविषयी मराठीत विचारणं, रेशन दुकानाबाहेरची सूचना वाचून तिचा अर्थ सांगणं, ग्रामपंचायतीला पाच ओळींचा अर्ज लिहिणं. कामं जूनमध्येच वर्गात लावून ठेवायची. गुण नाहीत, जमलं किंवा अजून नाही. नाही जमलं तर तेवढंच पुन्हा, वर्ष वाया न घालवता. एका मुलाला दहा मिनिटं धरली तर साठ मुलांच्या वर्गाला दहा तास लागतात. दिवाळीच्या सुट्टीआधी तेवढे तास कोणत्याही शाळेत निघतात.