रानडुक्कर ओळखल्याशिवाय पिकाची राखण नाही

भुईमुगाच्या शेंगा पोसू लागल्या, मक्याच्या कणसांत दाणा भरला, की देशभरातील असंख्य शेतकऱ्यांची झोप उडते. माचणावर बसून, डबे वाजवून, फटाके उडवून रात्र जागविली जाते. पहाटे जरा डोळा लागतो आणि नेमका तेव्हाच कळप शेतात शिरतो. सकाळी दिसते ती नांगरल्यासारखी उकरलेली जमीन. या नुकसानीची चर्चा मात्र भरपाई किती मिळणार आणि मारण्याची परवानगी केव्हा मिळणार, या दोनच प्रश्नांभोवती फिरत राहते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु हा प्राणी जगतो कसा, हा प्रश्न त्यांच्या आधी विचारावयास हवा आणि कृषी नियोजनात तोच क्वचित विचारला जातो.

रानडुक्कर सर्वभक्षी आहे. त्याची दृष्टी बेताची असली तरी घ्राणेंद्रिय विलक्षण तीक्ष्ण असते. जमिनीखालील कंद, शेंगा आणि अळ्या ते वासावरून शोधून काढते. कळप प्रामुख्याने नात्यातील माद्यांचा व त्यांच्या पिलांचा असतो. प्रौढ नर बहुधा एकटा हिंडतो. मादीचा गर्भकाळ सुमारे चार महिन्यांचा असून एका वेतात साधारणपणे चार ते सहा पिले जन्मतात. घामावाटे शरीर थंड राखण्याची सोय नसल्यामुळे या प्राण्याला पाणी व चिखल लागतो आणि दिवसा लपण्यासाठी दाट आडोसा लागतो. अन्न, पाणी आणि आडोसा ही त्याची त्रिसूत्री होय. बागायती ऊस या तिन्ही गरजा एकाच ठिकाणी भागवितो. त्यामुळे ‘जंगलातून आलेला’ म्हणून ओळखला जाणारा कळप पुष्कळदा शेतशिवारातच मुक्कामाला असतो.

ही बाब ध्यानात न घेता केवळ बंदुकीवर भिस्त ठेवणे अपुरे ठरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ६२ नुसार केंद्र शासन ठरावीक क्षेत्रासाठी व मुदतीसाठी एखाद्या प्राण्यास उपद्रवी घोषित करू शकते. त्यानुसार २०१५ च्या अखेरीस बिहारमध्ये आणि २०१६ मध्ये उत्तराखंडमध्ये काही जिल्ह्यांत रानडुकरास तसे घोषित करण्यात आले. युरोपचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे दरवर्षी मोठ्या प्रमाणावर शिकार होऊनही गेल्या काही दशकांत रानडुकरांची संख्या वाढतच गेली. मुबलक अन्न मिळाल्यास मादी वयाच्या पहिल्या वर्षातच विऊ शकते. फ्रान्समधील दीर्घकालीन अभ्यासात तर शिकारीचा ताण असलेल्या समूहात पिले हंगामात अधिक लवकर जन्मू लागल्याचे आढळले. याचा अर्थ उपद्रवी जनावर मारूच नये असा नाही. परंतु अन्न आणि आडोसा जसाच्या तसा ठेवून केलेली मारणी ही उपसा करूनही झऱ्याने पुन्हा भरणाऱ्या विहिरीसारखी ठरते.

शिवाय एका प्राण्याचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही. बिहारमधील मोकामा परिसरात २०१६ च्या जूनमध्ये सुमारे दोनशे नीलगायी मारण्यात आल्या. नीलगाय दाट वनात नव्हे, तर झुडपी माळावर आणि मोकळ्या शेतीप्रदेशात रमते. ती उंच उडी घेते आणि हरभरा, मसूर, गहू वरून खुडून खाते. रानडुक्कर मात्र कुंपणाखालून वाट काढते. एकाच मापाचे कुंपण दोघांनाही अडविणार कसे?

म्हणून उपाययोजनेचा घटक एकटे शेत नव्हे, तर संपूर्ण शिवार असावा. एका शेतकऱ्याने कुंपण घातले की कळप शेजाऱ्याच्या बांधावर वळतो. नुकसान टळत नाही, त्याची जागा बदलते. ओढ्याकाठची दाट झुडपे आणि पीक यांच्यात मोकळा पट्टा राखणे, सामूहिक सौर कुंपणाखालील गवत वेळोवेळी काढणे, भीतीदायक आवाज व वास आलटूनपालटून वापरणे ही कामे गावाने मिळून करावयाची आहेत. एकच युक्ती दीर्घकाळ वापरली की कळप तिला सरावतो. हताश होऊन थेट वीजवाहिनीची तार शेताभोवती सोडणे तर सर्वथा टाळावे. सौर कुंपणाचा धक्का क्षणिक असतो. ही तार मात्र वाघ-हत्तींप्रमाणेच शेतकऱ्याचा आणि शेतमजुराचाही जीव घेते.

एक संधी समोर आहे. वन्यप्राण्यांकडून होणारे पीकनुकसान २०२६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक जोखीम म्हणून समाविष्ट करण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. नुकसानीची सूचना ७२ तासांत छायाचित्रांसह द्यावयाची आहे. या नोंदी केवळ दावे निकाली काढण्यापुरत्या वापरल्या जाऊ नयेत. कोणता प्राणी, कोणते पीक, वाढीची कोणती अवस्था आणि कोणत्या बाजूने प्रवेश, हे गावनिहाय मांडले तर राखणीचे वेळापत्रक आपोआप हाती येईल. कृषी विज्ञान केंद्रे आणि वन विभाग यांनी हे काम एकत्र बसून करावे.

पिकाची शिफारस करताना आपण जमीन, पाऊस आणि बाजारपेठ पाहतो. बांधापलीकडे कोण वसते, हेही त्याच शिफारशीत आले पाहिजे. नाहीतर आपल्या शिफारशीची किंमत शेतकरी रात्रीच्या जागरणाने चुकवीत राहील.